वाट चुकलेली मुलं आणि डोंगराची शाळा

पोरगं पंधरा-सोळा वर्षांचं झालं, की कधी कधी हाताबाहेर जातं. शाळा बुडवतं. घरातले पैसे उचलतं. बाप मारतो, आई रडते. पोरगं आणखीच निगरगट्ट होतं. अशा पोराचं करावं तरी काय? परदेशात यावर एक उपाय करून पाहिला. त्याची हकीकत आम्ही आज सांगतो.

ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे समुद्रकाठी १९४१ साली कुर्ट हान या शिक्षकाने एक शाळा काढली. लॉरेन्स होल्ट या जहाजवाल्याने त्याला मदत केली. शाळेचं नाव आउटवर्ड बाउंड. म्हणजे बंदर सोडून समुद्राकडे निघालेलं जहाज. तिथे तरुणांना होडी चालवणे, डोंगर चढणे, संकटात सापडलेल्याला वाचवणे शिकवीत. पुढे अशा शाळा अमेरिकेतही निघाल्या.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स हे एक राज्य आहे. तिथे १९६० नंतरच्या काही वर्षांत गुन्ह्यांत सापडलेली १२० मुलं निवडली. ६० मुलांना अशा शाळेत सुमारे २६ दिवस पाठवलं. बाकी ६० मुलांना नेहमीच्या सरकारी रीतीने ठेवलं. सुटल्यावर वर्षभराने हिशेब केला. नेहमीच्या रीतीतली शंभरात ४२ मुलं पुन्हा गुन्हा करून आत गेली होती. डोंगरावर गेलेल्यांत हे प्रमाण शंभरात २० होतं.

असं का झालं असेल? डोंगर कुणाला मारत नाही, की टाकून बोलत नाही. तंबू नीट बांधला नाही, तर रात्री आपणच भिजतो. पावसाला शिव्या देऊन काय होणार? दुसऱ्या दिवशी पोरगं मुकाट्याने गाठ घट्ट मारतं. कडा चढताना एक जण वर चढतो, दुसरा दोर धरतो. ज्याच्या हाती घरात चार आणे कुणी देत नव्हतं, त्याच्या हाती सोबत्याचा जीव देतात. आम्हाला वाटतं, पोरगं सुधारतं ते इथंच.

पण मंडळी, नुसत्या हालांनी कोणी सुधारत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात १९९४ साली अशाच एका रानातल्या शिबिरात सोळा वर्षांचा मुलगा दगावला. पोट दुखतं म्हणून तो सांगत होता. सांभाळणाऱ्यांना वाटलं, सोंग करतो. त्याच्या पोटात खरोखरच मोठा आजार होता. म्हणून मुलाला कुठेही पाठवताना आधी चौकशी करा. तिथे डॉक्टर आहे का? मुलाचं कोणी ऐकतं का? घरच्यांना भेटू देतात का?

आणखी एक गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांतला तो फरक पुढच्या वर्षांत कमी होत गेला. मुलगा डोंगरावरून घरी येतो. घरी तीच गल्ली, तेच सोबती, तेच टोमणे. मग शिकलेलं टिकणार कसं? डोंगर महिनाभराचा, घर जन्माचं. तेव्हा घरातही त्याच्या हाती एखादा दोर द्या. बैलजोडी सोपवा, बाजारहाट सोपवा. चुकला तर पुन्हा दाखवा. पण दोर लगेच काढून घेऊ नका.

वाचा आणि सांगा
१. डोंगराच्या शाळेत मुलाच्या हाती काय देतात?
२. मुलाला शिबिराला पाठवण्याआधी कोणती चौकशी कराल?
३. तुमच्या घरातलं कोणतं काम मुलावर विश्वासाने सोपवाल?