साध्या मजकुरांतील कोष्टकें

परीक्षेचा निकाल, वसतिगृहाचा जमाखर्च, पावसाची नोंद अशा कित्येक गोष्टी आपण कोष्टकाच्या रूपानें लिहितों. वहींत हें काम सोपें असतें. पट्टी व पेन्सिल घेऊन रकाने आंखले कीं, प्रत्येक आंकड्यास आपलें घर मिळतें. परंतु संगणकावरील नोटपॅडसारख्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्यें पट्टीहि नसते आणि आंखलेले रकानेहि नसतात. तेथें असतात तीं केवळ अक्षरें, मोकळ्या जागा आणि ओळी. तेवढ्याच साहित्यांतून निर्दोष कोष्टक कसें करावें, हें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नवशिका लेखक प्रथम मोकळ्या जागा टाकून रकाने जुळवितो. डोळ्यांस तें नीट दिसतें, पण त्यांत मोठा धोका आहे. समजा, हजेरी क्रमांक १२ चा विद्यार्थी गणिताच्या परीक्षेस गैरहजर होता. त्याच्या ओळींत मराठीचे ७२ व इतिहासाचे ४१ एवढेच आंकडे आहेत. पुढें कोणी ती ओळ दुसरीकडे उतरून घेतांना मधल्या मोकळ्या जागा गळाल्या, तर ४१ हा आंकडा गणिताचा ठरतो. न दिलेल्या परीक्षेचे गुण त्याच्या नांवावर चढतात आणि दिलेल्या परीक्षेचे नाहींसे होतात. सारांश, रिकाम्या घरालाहि भिंती पाहिजेत.

मराठी लिहिणारांस आणखी एक अडचण आहे. ज्या टाइपांत प्रत्येक अक्षर सारखीच जागा व्यापतें, त्यास मोनोस्पेस फाँट म्हणतात. रोमन लिपींत असा टाइप घेतला कीं, अक्षरें मोजून रकाने जुळवितां येतात. देवनागरींत ही मोजणी फसते. ‘स्त्री’ हें आपण एकच अक्षर वाचतों. पण संगणक तेथें स, हलन्त-चिन्ह, त, पुन्हां हलन्त-चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी अशीं सहा चिन्हें सांठवितो. त्यामुळें मोजून जुळविलेले मराठी रकाने वांकडे दिसले, तर त्यांत लिहिणाराचा दोष नाहीं.

यावर उपाय असा कीं, रकाना जागेनें न दाखवितां खुणेनें दाखवावा. ती खूण म्हणजे उभा दंड.

| क्रमांक | मराठी | गणित | इतिहास |
|---|---|---|---|
| ११ | ६८ | ५४ | ४७ |
| १२ | ७२ | | ४१ |
| १३ | ५९ | ७५ | ६३ |

येथें दंड एकाखालीं एक येत नाहींत, तरी अर्थ अभंग आहे. बाराव्या क्रमांकाचें गणिताचें घर रिकामें आहे, हें मनुष्यासहि कळतें आणि यंत्रासहि कळतें. मात्र हा दंड इंग्रजी कळफलकावरील घ्यावा. अभंगाच्या चरणाशेवटीं येणारा देवनागरी दंड दिसण्यांत तसाच असला, तरी संगणकाच्या लेखीं तें निराळें चिन्ह आहे.

जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं मार्कडाउन नांवाची लेखनपद्धति प्रसिद्ध केली. तिच्या मूळ रूपांत अशीं कोष्टकें नव्हतीं; तीं पुढें इतरांनीं जोडलीं. त्यांत मथळ्याखालीं आडव्या रेघांची ओळ देतात. त्या रेघांच्या उजव्या टोंकास अपूर्णविराम दिला, तर छापतांना त्या रकान्यांतील आंकडे उजवीकडे जुळतात. त्यापूर्वीं २००३ सालीं कार्स्टेन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनीं एमॅक्स या एडिटरकरितां ऑर्ग मोड रचण्यास आरंभ केला. तेथें ओळीच्या आरंभीं दंड देऊन लिहावें व टॅबची कळ दाबावी, म्हणजे रकाने आपोआप जुळविले जातात. आल्ट कळ धरून डावा किंवा उजवा बाण दाबला असतां सबंध रकाना एक घर सरकतो.

साध्या मजकुराचा एक गुण विशेष ध्यानांत ठेवावा. येथें एक ओळ म्हणजे एक नोंद. ओळी क्रमानें लाविल्या, तर क्रमांकाबरोबर त्याचे सर्व गुणहि हलतात. एकाचे गुण दुसऱ्याच्या पदरीं पडत नाहींत. मात्र अक्षरक्रमानें लावितांना १० हा २ च्या आधीं येतो, म्हणून ०२ असें लिहावें.

दंडाऐवजीं स्वल्पविराम वापरण्याचीहि पद्धत आहे. तिला सीएसव्ही म्हणतात. तींत १,२५,००० ही रक्कम तशीच लिहिली, तर तिचीं तीन घरें होतात. अशी रक्कम दुहेरी अवतरणचिन्हांत घालावी, किंवा तींतील स्वल्पविराम गाळावे.

कोणी विचारील, स्प्रेडशीटसारखीं सोयीचीं साधनें असतां हा खटाटोप कशास? सोयीचें साधन कधीं कधीं लेखकाहून अधिक शहाणें होऊं पाहतें. मनुष्याच्या कांहीं जनुकांच्या संक्षिप्त इंग्रजी नांवांत ‘मार्च’ व ‘सेप्ट’ हीं अक्षरें आणि पुढें एक आंकडा होता. एक्सेल हा प्रोग्राम त्यांस तारखा समजून बदलून टाकी, व ती चूक शास्त्रीय निबंधांबरोबरच्या कोष्टकांतहि शिरली. अखेर जनुकांस नांवें देणाऱ्या समितीनें नांवेंच बदललीं, आणि २०२० सालीं त्याविषयींचे नवे नियम प्रसिद्ध झाले. साधा मजकूर असा शहाणपणा करीत नाहीं. जें लिहावें तेंच तो जपतो. म्हणूनच त्यांतील चुकीची जबाबदारीहि सर्वस्वीं लिहिणारावर येते.

पालकांस आमची विनंति आहे कीं, घरचा एक महिन्याचा खर्च मुलांकडून या रीतीनें लिहवून घ्यावा. कोष्टकांतील प्रत्येक आंकडा कोणाच्या तरी श्रमाचा, पैशाचा किंवा यशाचा असतो. तो त्याच्याच घरांत ठेवणें हा प्रामाणिकपणाचाच एक धडा आहे, असें आम्ही समजतों.

अभ्यास: (१) आपल्या वर्गाची आठवड्याची हजेरी उभ्या दंडांनीं लिहा. (२) तींत एक घर रिकामें ठेवा. मग सर्व दंड पुसून ती मित्रास वाचावयास द्या. त्यानें कोणती चूक केली, तें लिहा.