तीन कंपन्यांचे तीन हप्ते: एक करायचे का?



1 जून जवळ आला की न्हावा-शेवा भागातल्या बैठकांत एक विषय हमखास निघतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. म्हावरं विकणाऱ्या ताईंची टोपली रिकामी, पण मायक्रोफायनान्स कंपनीचा हप्ता काही बंद होत नाही. आणि हल्ली कंपनी एक नसते.

मागच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून कर्जाची तीन कार्डं काढून चटईवर ठेवली. पहिल्यावर शिल्लक 8,000, हप्ता 2,100, चार हप्ते बाकी. दुसऱ्यावर 22,000, हप्ता 2,080, बारा बाकी. तिसऱ्यावर 38,000, हप्ता 2,325, वीस बाकी. महिन्याला झाले 6,505 रुपये. नवरा कंटेनर यार्डात रोजंदारीवर, त्याचे साधारण 12,000 येतात. ताईंचे एरवी 9,000, पण बंदीत सुकट विकून दीड-दोन हजार सुटले तर सुटले. म्हणजे जून-जुलैत घरात येणार 14,000 आणि त्यातले साडेसहा हजार हप्त्यात जाणार.

त्यातल्याच एका कंपनीच्या सरांनी त्यांना सांगितलं होतं, "70,000 चं नवीन कर्ज घ्या, तिन्ही बंद करा. एकच हप्ता, 3,700. दोन वर्षं." ऐकायला किती बरं वाटतं! खरं सांगते, मलाही वाटलं. मग वहीवर गुणाकार केला. 3,700 गुणिले 24 म्हणजे 88,800. आणि आहेत ती तिन्ही तशीच फेडली तर? 8,400, 24,960 आणि 46,500 मिळून 79,860. जवळजवळ 9,000 जास्त जाणार! वर प्रोसेसिंग फी आणि विमा कापून हातात पूर्ण 70,000 येतही नाहीत. मुदत लांबवली म्हणून हप्ता लहान दिसतो. म्हणून कुणी "एकच हप्ता" म्हणालं की आधी विचारा, किती महिने? आणि गुणाकार तिथेच करा.

आता पहिलं कार्ड बघा. चार हप्त्यांचे 8,400, शिल्लक 8,000. व्याज उरलंय फक्त 400. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं, शेवटी बहुतेक मुद्दलच. संपत आलेलं कर्ज नव्या कर्जात ओतायचं नाही. चार महिन्यांनी ते आपोआप सुटणार आहे.

तिसरं कार्ड मात्र बदलण्यासारखं होतं. वीस हप्ते बाकी, व्याज महिन्याला शेकडा 2. गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा 1 ने, तेही शिल्लक रकमेवर. उमेद अभियानात महिला गटाला बँकेचं 3 लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला 7 टक्क्यांनी मिळतं, म्हणून गटाला हे परवडतं. गटाने 38,000 द्यायचे, जून-जुलैत फक्त व्याज 380 घ्यायचं आणि ऑगस्टपासून 1,789 चे 24 हप्ते, असं गणित मांडलं. एकूण जातात सुमारे 43,700. कंपनीकडे 46,500 गेले असते. बचत तीन हजारांच्या आत आहे, फार मोठी नाही. पण जून-जुलैचा बोजा 6,505 वरून 4,560 वर येतो. बंदीचे दोन महिने सांभाळून घेणं गटाच्या हातात आहे, कंपनीच्या नाही.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कार्डाचं खरं बाहेर आलं. ते कर्ज ताईंच्या नावावर, पैसे नणंदेने वापरलेले. बैठकीत आवाज चढले. "उद्या हिने नाही भरलं तर आपल्या सगळ्यांचं बँकेचं खातं खराब होईल," असं एक ताई म्हणाल्या, आणि त्यांचं चूक नव्हतं. शेवटी ठराव झाला: कर्ज द्यायचं, पण ते फिटेपर्यंत कंपनीचं नवीन कर्ज नाही, आणि नणंदेने दर महिन्याला 2,080 बैठकीत आणून द्यायचे. पहिल्या महिन्यात नणंद आली नाही, पैसे भावाजवळ पाठवले. सध्या तेवढ्यावर चाललंय.

तुम्ही असं करणार असाल तर रिझर्व्ह बँकेचे नियम माहीत असू द्या. मायक्रोफायनान्स कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. हप्ता थकला तर दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नवीन कर्ज देता येत नाही. म्हणून फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहू देऊ नका. आणि वसुली एजंटला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर दारात येता येत नाही.

गटाकडून मिळालेले पैसे घरी नेऊ नका. पुस्तक लिहिणाऱ्या ताईंना सोबत घेऊन त्याच दिवशी कंपनीत भरा आणि कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून ते खातं बंद दिसतंय का बघा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मोबाइलवर जमत नसेल तर मी काढून देईन.

जूनच्या बैठकीला येताना सगळी कार्डं आणा. डब्याच्या तळाशी ठेवलेलंसुद्धा.