कीर पोपट व करण पोपट : ओळख आणि पिकाची राखण

राळेगाव तालुक्यात ज्वारीचे कणीस चिकात आले अथवा तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की पोपटांचे थवे शेतावर उतरतात. शेतकरी त्या सर्वांना मिठ्ठू म्हणतो. परंतु त्यांत निरनिराळ्या जाती असतात. त्यांपैकी कीर व करण या दोन जाती एकमेकींच्या फार जवळच्या असल्याने ओळखण्यात चूक होते.

दोन्हींचा रंग हिरवा, चोच लाल व शेपूट लांब असते. दोन्हींच्या प्रौढ नरास काळी-गुलाबी कंठी असते व मादीस नसते. म्हणून कंठीवरून जात ठरवू नये. खरी खूण खांद्यावर आहे. करणच्या नर व मादी या दोघांच्याही खांद्यावर गडद तांबडा पट्टा असतो. कीरच्या खांद्यावर तो कधीच नसतो. कीर शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर, तर करण त्याहून बराच लांब भरतो. करणची चोच अधिक जाड व आवाज अधिक भरदार असतो.

कीर शेत, बाग व गाव सर्वत्र राहतो व पिकाची मुख्य हानी तोच करतो. तो खातो त्याहून अधिक तोडून टाकतो. करणही धान्य व फळे खातो. परंतु त्याची संख्या कमी असून ती घटत आहे. दोन्ही पक्षी झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. करणची पिले ढोलीतून काढून पिंजऱ्यासाठी विकली जातात, आणि जुनी झाडे तुटल्याने ढोल्याही उरत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पोपट पकडणे, मारणे, पाळणे व विकणे हा गुन्हा आहे.

राखणीसाठी पुढील उपाय करावेत :

१. शिवारातील सर्वांनी पेरणी शक्यतो एकाच सुमारास करावी. आगाप व मागास शेतावर थव्यांचा सर्व भार पडतो.

२. दाणे चिकात असताना सकाळी व सायंकाळी राखण चुकवू नये. पोपट याच वेळी उतरतात.

३. पिकाच्या माथ्यावर चकाकणारी फीत पीळ देऊन बांधावी. पक्षी एकाच उपायास सरावतात. म्हणून फीत, डबा व हाकारे आलटून-पालटून वापरावेत.

४. मक्याचे कणीस त्याच्याच पानांनी झाकून बांधावे.

५. विषारी आमिष ठेवू नये. त्याने इतर पक्षी व जनावरेही दगावतात.

ग्रामसेवकांनी थवा दिसताच प्रथम खांदा पाहण्याची सवय शेतकऱ्यांस लावावी. बांधावरील ढोलीचे जुने झाड राखण्यास सांगावे, आणि पिले काढणारा आढळल्यास वन विभागास कळवावे. पीक वाचविणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. त्यासाठी पक्ष्याचा जीव घेण्याचे कारण नाही.