सरव्यातले धान्य



घरभेटीला गेल्यावर काही घरांत आम्हांला बोलायला शब्द सुचत नाहीत. मध्यंतरी अशाच एका घरी जाणे झाले. (ओळख पटू नये म्हणून बाकीचा तपशील गाळतो.) घरधन्याची नोकरी गेलेली, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दागिने गहाण पडलेले. घरातली माउली म्हणाली, "फादर, रोज रोझरी म्हणते, पण मन कोरडंच राहतं. आता देवाचा रागच येतो. हे पाप आहे का?" आम्ही घाईघाईने म्हणालो, "देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो." ती गप्प झाली. परतताना आम्हांला उमगले की, ते उत्तर तिच्यासाठी नव्हतेच. तिच्या प्रश्नातून आमची सुटका व्हावी म्हणून आम्ही ते दिले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दुःखाच्या प्रश्नावर आम्ही पानेच्या पाने लिहिली. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, हा संत ऑगस्टीनचा विचार खोल आहे. परंतु परीक्षेच्या पेपरात पुरणारे उत्तर गहाणाच्या पावतीसमोर पुरत नाही. त्या रात्री आम्ही जुन्या करारातील रूथचे पुस्तक पुन्हा उघडले. अवघे ४ अध्याय आहेत. त्यात जे सापडले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

१. कडू शब्दांनाही प्रार्थनेत जागा आहे

बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचे घर'. त्याच गावात दुष्काळ पडतो. नामी आपला पती अलीमलेख व दोन मुलगे यांच्यासह परक्या मवाब देशात जाते. तेथे पती मरण पावतो. पुढे मुलांची लग्ने होतात आणि सुमारे १० वर्षांनी दोन्ही मुलगेही दगावतात. नामी गावी परतते तेव्हा बायका तिला ओळखू पाहतात. 'नामी' म्हणजे मनोरम. ती म्हणते की आता मला 'मारा', म्हणजे कडू, अशी हाक मारा, कारण देवाने मला रिकाम्या हातांनी परत आणले आहे.

पवित्र शास्त्र तिला याबद्दल एका शब्दानेही दटावत नाही. तिने तक्रार केली, पण देवाकडे पाठ फिरवून नव्हे. देवाचे नाव घेऊनच केली. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशीच विलापाची आहेत. खुद्द प्रभू येशूने क्रुसावर २२ व्या स्तोत्रातला आक्रोश केला. म्हणून त्या माउलीला जे उत्तर द्यायला हवे होते ते असे: बाई, जो राग तू देवालाच सांगतेस, तो अविश्वास नव्हे. अबोला धरलेला नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

२. शेजारी कोण उभे आहे?

नामी 'मी रिकामी' असे म्हणते त्या क्षणी तिच्या शेजारी रूथ उभी असते! सून, परदेशी, स्वतःही विधवा. दुसरी सून अर्पा रडत माहेरी गेली. शास्त्र तिला दोष देत नाही. रूथ मात्र सासूला सोडून गेली नाही. पण दुःखाने नामीचे डोळे असे भरले होते की शेजारची व्यक्ती तिला दिसली नाही.

या पुस्तकात देव कोणाशी थेट बोलत नाही, देवदूत येत नाही. देवाची माया रूथच्या पायांनी चालते. आम्हीही त्या घरी काय पाहिले नव्हते ते मग आठवले. आम्ही बोलत असतानाच शेजारीण मागच्या दाराने कालवणाचा डबा ठेवून गेली होती. आमच्या वाक्यापेक्षा त्या डब्यात शुभवर्तमान अधिक होते.

३. सरवा वेचणे आणि सरवा सोडणे

दोघी परतल्या तेव्हा सातूची कापणी सुरू होती. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावीत, असा नियम लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. त्यामुळेच रूथ बवाजच्या शेतात सरवा वेचू शकली. बवाजने तर गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गाळायला सांगितले. रूथला हात पसरावा लागला नाही. तिने वेचले आणि मानाने घरी नेले.

संकटात विश्वासाचे बळही बहुधा असेच मिळते. सगळे शेत एकदम हाती येत नाही, आजच्यापुरता सरवा मिळतो. कधी रोझरीचे एकच रहस्य, कधी रविवारची मिस्सा, कधी कोणी विचारलेले "कशी आहेस?" तेवढे वेचावे, उद्याचे उद्या. आणि ज्यांची शेते आज भरली आहेत त्यांनी कडा सोडाव्यात: थोडा वेळ, थोडा पैसा, आजाऱ्याजवळ एक रात्र.

४. आणि संकट टळले नाही तर?

नामीच्या मांडीवर नातू ओबेद आला. तो दावीद राजाचा आजोबा, आणि मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या वंशावळीत रूथचे नाव आहे. तरी नामीचा पती व मुलगे परत आले नाहीत. फ्रान्समधील लुई व झेली मार्टिन यांच्या ९ मुलांपैकी ४ बालपणीच गेली. झेली १८७७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने वारली. पुढे लुईला मनाच्या आजारामुळे ३ वर्षे रुग्णालयात राहावे लागले. त्यांचे संकट टळले नाही, पण त्या घराने एकमेकांचा व प्रभूचा हात सोडला नाही. त्याच घरात बाळ येशूची संत तेरेजा वाढली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नीला एकत्र संतपद जाहीर केले.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. नोकरी अजून लागलेली नाही. या वेळी उपदेश केला नाही. आधी माफी मागितली, मग सासूबाईंच्या खाटेजवळ बसून सर्वांनी मिळून रोझरीचे एक रहस्य म्हटले.

चिंतनासाठी

१. देवाला सांगायची राहिलेली माझी कडू गोष्ट कोणती?
२. माझ्या शेजारी उभी असलेली रूथ कोण?
३. या आठवड्यात माझ्या शेताची कोणती कड मी सोडणार?

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना बळ देवो. आमेन.