कडेवरचं मूल : मुलं सांभाळण्याचा पहिला धडा

डहाणू-तलासरी भागात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर म्हटलं की आपण घमेली, फावडी, टिकाव मोजून घेतो. बंधारा कुठे घालायचा, शोषखड्डा किती फूट खोल, याची चर्चा रात्री मेसमध्ये रंगते. पण पाड्यावर पोचल्यावर पहिल्याच सकाळी जे काम समोर येऊन उभं राहतं त्याची तयारी कोणीच केलेली नसते. ते काम म्हणजे मुलं! कामाच्या जागेभोवती पाच-पन्नास पोरं जमतात आणि त्यातल्या निम्म्या पोरींच्या कडेवर आणखी एक मूल असतं. मग सर कोणाला तरी सांगतात, "तू जरा मुलांना सांभाळ." ज्याला सांगितलं त्याने आयुष्यात धाकटा भाऊसुद्धा सांभाळलेला नसतो. हा लेख त्याच्यासाठी, आणि क्वार्टर्समध्ये ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्या सर-मॅडमसाठीही.

आधी एक गोष्ट नीट पाहू या. शहरात बेबी सिटर म्हणजे पैसे देऊन ठेवलेली बाई. आपल्या या भागात बेबी सिटर म्हणजे आठ-नऊ वर्षांची ताई. आई चिकूच्या वाडीत, भाताच्या लावणीला किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली असते. धाकट्याला कोण बघणार? मोठी बहीण. तिलाही अनुभव नसतोच, पण तिला कोणी विचारलेलं नसतं. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं आणि ती मात्र अंगणात असते. कायद्याच्या भाषेत हे कामही नव्हे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणं गुन्हा आहे, पण शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्यांना मदत करायला मुभा आहे. ताईचं सांभाळणं या मुभेत सहज बसतं. फक्त 'शाळा सुटल्यावर' एवढे दोन शब्द कोणी वाचत नाही.

ही अडचण पहिल्यांदा ज्यांनी ओळखली त्या दोघी याच तालुक्यात येऊन राहिल्या होत्या. ताराबाई मोडक (जन्म 1892) आणि अनुताई वाघ (जन्म 1910). ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, 1926 साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे दादरला शिशुविहार चालवलं. त्यानंतर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 साली, त्या बोर्डीला आल्या. अनुताईंना शाळेत शिकवण्याचा बराच अनुभव होता. पण शाळेच्याही आधीच्या वयाची, गावातली मुलं हे त्यांच्यासाठी नवंच काम होतं. म्हणजे आपल्या भाषेत, ब्रँच बदलून पहिल्या वर्षाला पुन्हा ॲडमिशन.

बोर्डीत बालवाडी उघडली तरी खालच्या वस्तीतली मुलं येईनात. आता आपण असतो तर काय केलं असतं? नोटीस लावली असती! या दोघींनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग तिथेच जमिनीवर बसून खेळ आणि गाणी. तिचं नाव पडलं अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना आज देशभर हेच नाव आहे. साधनंही तशीच. माँटेसरीची महागडी साधनं कोणाला परवडणार? म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या. पुढे 1950 च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा.

पण मला सर्वांत हुशारीची वाटते ती विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. ताई शाळेत येताना कडेवरच्या भावाला घेऊनच आली तरी चालेल. तो पाळणाघरात, मधला बालवाडीत आणि ही वर्गात. तिला 'भावाला घरी ठेवून ये' असं सांगितलं असतं तर ती आलीच नसती. इंजिनिअरिंगमध्ये आपण ज्याला बॉटलनेक म्हणतो तो वर्गात नव्हता, कडेवर होता. दोघींनी तो नेमका तिथेच सोडवला.

अजूनही तो पुरता सुटलेला नाही. अंगणवाडीतलं पूर्वशिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतं. त्याखालच्यांना आहार, लसीकरण, वजन या सेवा मिळतात, पण सबंध दिवस त्यांना ठेवून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. 2022 पासून 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याचं धोरण आलं आहे. जिथे ते नाही तिथे ताई आहेच.

आता आपल्या नवशिक्याकडे येऊ. अनुभव नाही याची लाज नको. 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत माँटेसरीबाईंनी पहिलं बालगृह उघडलं तेव्हा पन्नासेक मुलं जिच्यावर सोपवली ती प्रशिक्षित शिक्षिका नव्हती. बघण्याची तयारी हवी, बाकीचं जमतं.

गेल्या गेल्या मूल उचलू नका. अनोळखी दाढीवाला दादा दिसला की वर्षाचं मूल भोकाड पसरणारच. जमिनीवर बसा, म्हणजे तुमची उंची त्याच्या उंचीला येते. त्याला ताईच्याच कडेवर राहू द्या आणि आधी ताईशी बोला. त्याचं नाव काय, काय खातो, कशाला घाबरतो, झोपताना काय लागतं? मॅन्युअल हवं असेल तर ते तिच्याकडेच आहे. घरी वारली बोलणाऱ्या बाळाला 'पाणी हवं का' हे कसं विचारायचं तेही तीच सांगेल. दहा-बारा शब्द वहीत लिहून घ्या. तास-अर्ध्या तासाने मूल स्वतः तुमच्या पेनाला हात घालेल. मग समजा, ॲडमिशन झाली!

पेन मात्र देऊ नका, टोपण तोंडात जातं. तीन वर्षांखालच्या मुलाला काय द्यावं याचं माप भारतीय खेळणी मानकात (आयएस 9873) दिलेलं आहे. 31.7 मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. वर्कशॉपमधून सव्वा इंच आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा कापून आणा, शिबिराच्या सामानात टाका. हे मानकाचं हुबेहूब नळकांडं नव्हे, पण अंदाजाला पुरतं. शिंपले, खडे, चिंचोके यात सहज जातात, म्हणजे ते मोठ्यांसाठी. चिकूची बीसुद्धा जाते, आणि तिच्या टोकाला आकडा असतो, तेव्हा चिकू भरवताना बिया मोजून काढा. लहानग्यांना वाटी, झाकण, करवंटी पुरे. आवाज होतो, पण तोच तर खेळ!

तरीही काही अडकलं आणि मूल खोकू वा रडू शकत नसेल, तर एक वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली करून हातावर धरायचं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाहीच निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा थापा. न दिसणारी वस्तू बोट घालून शोधायची नाही, ती आणखी आत जाते. तोवर दुसऱ्याने 108 ला फोन लावायचा. हे जाण्याआधी बाहुलीवर करून बघा, वाचून हात वळत नाही.

पाण्याचं भय विहिरीपुरतं नाही. रांगणारं मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडतं. पिंपाला झाकण, बादली उपडी. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, वरचं पाणीही नको. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. जुलाब झाले तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की प्रमाण बिघडतं. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जी काळजी घेत नाही ती इथे घ्या. पाकीट आशाताईंकडे मिळतं. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, पिईना, तर वाट न बघता दवाखाना.

रडण्याबद्दल. भूक, ओलं लंगोट, झोप, ऊन, मुंग्या, या क्रमाने तपासा. सगळं ठीक असूनही थांबत नसेल तर तुमचा संयम संपण्याआधी बाळ दुसऱ्याकडे द्या. रागाने बाळाला गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अगदी तान्ह्याला घेताना मानेखाली हात हवाच, आणि झोपवायचं ते उताणं.

दोन नियम शिबिराचे. मुलांजवळ कायम दोघं असावेत, एकट्याने कोणाला आडोशाला न्यायचं नाही; शी-शूला ताई किंवा घरचं माणूस सोबत. आणि फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. नाक वाहणाऱ्या पोराबरोबरचा आपला फोटो स्टेटसला छान दिसत असेल, पण त्या पोराची आई तो बघते तेव्हा तिला काय वाटत असेल?

क्वार्टर्समधल्या मंडळींना एक विनंती. 'गावाकडची एक मुलगी आहे, बारा वर्षांची, बाळाला खेळवेल, शिकेल पण,' असा निरोप कोणी आणला तर नाही म्हणा. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवायला ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. तशी मुलगी कोणाच्या घरी दिसली तर 1098 हा नंबर आहे.

शिबिराचं वेळापत्रक करताना मुलांचा कोपरा शाळेच्या वेळेतच ठेवा आणि शाळेच्या शक्य तितका जवळ. संध्याकाळी चार वाजता ठेवला तर मजा सगळ्यांना येईल, पण ताईचा वर्ग बुडायचा तो बुडेलच. सकाळी अकराला तिच्या कडेवरचा भाऊ तुम्ही घेतलात, की तिचे हात मोकळे. शाळेतल्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे वर्गात तिची वही काढून ठेवतील.