मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नकोस

अगं, दोन कॅमेऱ्यांचे फोटो पाठवून विचारतेस, "ताई, जास्त मेगापिक्सेलचाच घेऊ ना?" थांब जरा, आधी माझं ऐक.

मेगापिक्सेल म्हणजे फोटोत किती ठिपके, एवढंच. ए-फोर आकाराचा उत्तम प्रिंट ९ मेगापिक्सेलमध्ये निघतो, फोर-के टीव्हीला तर ८ सुद्धा पुरतात. आणि १२ चे २४ झाले म्हणून प्रिंटची रुंदी दुप्पट होत नाही, दीडपटसुद्धा भरत नाही.

तुला फोटो हवेत संध्याकाळच्या आरतीचे, समईच्या उजेडातल्या आजीचे. तिथे सगळा हिशेब उजेडाचा, आणि तो गोळा करतो सेन्सर. खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात तो असतो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. लेन्स बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांतला एपीएस-सी आकाराचा सेन्सर २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढून बघ, जवळजवळ तेरापट! लहान सेन्सरला उजेड कमी पडला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे मिळालेला उजेड वाढवून दाखवण्याचं प्रमाण, वाढवतो आणि आजीच्या गालावर रंगीत रवा उमटतो. तो घालवायला कॅमेरा चेहरा गुळगुळीत करतो, त्यात सुरकुत्याही पुसल्या जातात. सुरकुत्यांशिवायची आजी आपल्याला नकोच आहे गं.

सोनीने २०२० मध्ये ए-सेव्हन-एस थ्री हा कॅमेरा आणला. मोठा फुल-फ्रेम सेन्सर, किंमत भरपूर, आणि मेगापिक्सेल फक्त १२. कमी उजेडातल्या चित्रीकरणासाठी मुद्दाम तसा केलेला. उलट १०८ मेगापिक्सेलचे बरेच फोन नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून एरवी १२ चाच फोटो हातात देतात.

जास्त मेगापिक्सेल वाईट असं मात्र समजू नकोस. सेन्सर तेवढाच मोठा असेल आणि लांबचा पक्षी क्रॉप करून जवळ आणायचा असेल, तर ते खरंच उपयोगी पडतात. पण तुझं काम ते नाही.

तेव्हा वापरलेली का होईना, चांगली एपीएस-सी बॉडी घे आणि वाचलेल्या पैशांत ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स. बॉडीबरोबर मिळणारी १८-५५ पूर्ण झूमला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० ची ही लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दुकानात काउंटरखालच्या अंधारात एक फोटो काढ, स्क्रीनवर मोठा करून नीट बघ, आणि पैसे देण्याआधी मला फोन कर.