पैसा गेला, कागद आला का?

आर्थिक फसवणुकीच्या बातम्या आपण वाचतो. परंतु तिची रीत क्वचितच तपासतो. मोठ्या फसवणुकींत प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात : सोपविलेल्या निधीचा अपहार, साखळी योजना आणि खोटे हिशेब.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण विदर्भातलेच आहे. २००१-०२ च्या सुमारास नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे खरेदी करण्यासाठी होम ट्रेड व अन्य दलाल कंपन्यांना १०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिली. रोखे बँकेला मिळाले नाहीत. रक्कमही परतली नाही. होम ट्रेडच्या जाहिरातींत सचिन तेंडुलकर, शाहरुख खान झळकत होते. पण प्रसिद्ध चेहरा म्हणजे तारण नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झाले. निकालास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ठेवीदाराच्या मुलीचे शिक्षण इतकी वर्षे थांबत नाही.

दुसरा प्रकार साखळी योजनेचा. नव्या गुंतवणूकदाराच्या पैशातून जुन्याला परतावा द्यायचा. नवा पैसा आटला की डोलारा कोसळतो. जमिनीच्या नावाने अशीच अवैध सामूहिक गुंतवणूक योजना चालविल्याबद्दल पीएसीएल या कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते सुमारे ५.८५ कोटी.

तिसरा प्रकार खोट्या ताळेबंदाचा. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केले, की हिशेबात दाखविलेली ५,००० कोटींहून अधिक शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

तिन्ही ठिकाणी मूळ पुरावा वेळीच पाहिला गेला नाही. इतिहासाचा अभ्यासक ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही. मूळ साधन तपासतो. हीच शिस्त व्यवहारात हवी. रोखे कोठे आहेत? सातबारा कोणाच्या नावे आहे? बँकेचा दाखला कोठे आहे?

सालेकसा परिसरात धानाचा पैसा मागायला येणारा एजंट बहुधा नात्यातला किंवा ओळखीचाच असतो. म्हणून पावती मागण्याचा संकोच वाटतो. कित्येकदा तो स्वतःही फसलेला असतो. कागद मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे; पतसंस्थेतील ठेवीस ते नाही, हेही ध्यानात ठेवावे. फसवणूक झाल्यास पावत्यांसह पोलिसांत तक्रार करावी. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा असून त्यानुसार दोषी संस्थेची मालमत्ता जप्त करता येते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ज्यांना अक्षरओळख मिळाली नाही, अशा आईवडिलांनी अंगठा उमटविण्यापूर्वी तो कागद आपण वाचून दाखवावा. आपल्या शिक्षणावर त्यांचा तेवढा हक्क आहे.